रेल प्रेशरच्या तक्रारी : कांद्याच्या हंगामातल्या वर्कशॉप नोंदी, सोलापूर

२ डिसेंबर

मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढली की हैदराबाद रोडवर पिकअपची रांग लागते आणि त्यातल्या काही आमच्या दारात येतात. तक्रार ठरलेली. चढावर दम सोडते, चेक लाइट लागते, चावी बंद करून परत चालू केली की थोडा वेळ पळते. स्कॅनर लावला की पी०१९० ते पी०१९४ यातला एखादा कोड, नाहीतर पी००८७. आणि मालकाच्या हातात बऱ्याचदा नव्या सेन्सरचं खोकं, कारण वाटेत कुणीतरी "सेन्सर गेलाय" असं सांगून टाकलेलं असतं.

या हंगामात अशा प्रत्येक गाडीची नोंद ठेवायची ठरवली आहे. नियम एकच, मीटरने मोजल्याशिवाय सेन्सरला पाना लावायचा नाही. कंपनी आणि नंबर लिहीत नाही. सगळ्या कॉमन रेल डिझेल पिकअप आहेत, एवढं पुरे. म्हणजे पंप डिझेल मोठ्या दाबाने एका जाड नळीत, रेलमध्ये, भरून ठेवतो आणि तिथून ते सगळ्या नोझलना जातं. तो दाब मोजतो तो रेल प्रेशर सेन्सर.

कोडबद्दल आधीच लिहून ठेवतो, कारण सगळा घोळ इथूनच सुरू होतो. पी०१९२ म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज फार खाली. पी०१९३ म्हणजे फार वर. पी०१९१ म्हणजे आकडा पटण्यासारखा नाही, पी०१९४ म्हणजे मधूनच तुटतोय. हे सगळे कोड सेन्सरच्या सर्किटचे आहेत, आणि सर्किटमध्ये सेन्सर आला, तीन वायरी आल्या, कपलर (वायरी जोडायचं प्लॅस्टिकचं सॉकेट) आला, ईसीएमची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची, पिनसुद्धा आली. पी००८७ची जात वेगळी. तिथे ईसीएमने सेन्सरवर विश्वास ठेवलेला असतो आणि त्याचं म्हणणं असतं की रेलमध्ये प्रेशरच कमी आहे. म्हणजे पी००८७ आल्यावर सेन्सर बदलणारा माणूस खरं बोलणाऱ्यालाच घराबाहेर काढतोय. निदान तसं असण्याची शक्यता जास्त.

४ डिसेंबर

आज गिऱ्हाईक कमी, म्हणून जोडवायर बनवली.

रेल प्रेशर सेन्सरला तीन वायरी: ५ व्होल्टचा सप्लाय, ग्राउंड आणि सिग्नल. आत स्टीलचा पातळ पडदा असतो, त्याच्यावर रेझिस्टन्सचा ब्रिज. डिझेलच्या दाबाने पडदा किंचित वाकतो, ब्रिजमधून काही मिलिव्होल्ट निघतात आणि सेन्सरच्या डोक्यातलं सर्किट ते वाढवून ०.५ ते ४.५ व्होल्टमध्ये बसवतं. आमच्याकडे जास्त येतो तो ० ते १८०० बारचा. म्हणजे ४ व्होल्टमध्ये १८०० बार, एका व्होल्टला ४५० बार. बाकावरच्या भिंतीवर मार्करने लिहून टाकलं:

चावी ऑन, इंजिन बंद: ०.५० व्होल्ट
आयडलला ३०० बार: १.१७ व्होल्ट
पूर्ण लोडला १६०० बार: ४.०६ व्होल्ट

शून्य बारला शून्य व्होल्ट का नाही, हे हाताखालच्या पोराने विचारलं. बरोबर विचारलं. शून्याला शून्य ठेवलं असतं तर वायर तुटली काय आणि प्रेशर नाही काय, ईसीएमला दोन्ही सारखंच दिसलं असतं. खाली अर्धा व्होल्ट आणि वर अर्धा व्होल्ट मोकळा ठेवलाय तो याचसाठी. सिग्नल त्या मोकळ्या पट्ट्यात गेला की ईसीएमला कळतं की हे प्रेशर नसून वायरिंगचं काहीतरी आहे.

जोडवायरीसाठी एका मेलेल्या सेन्सरचं प्लॅस्टिकचं डोकं कापलं, आतल्या पिनांना वायरी सोल्डर केल्या. दुसऱ्या टोकाला भंगारातल्या वायरिंगचा कपलर. मध्ये प्रत्येक वायरीला एक फाटा काढून त्यावर मीटरची पिन बसेल असं सॉकेट. आता ही जोडवायर गाडीचा कपलर आणि सेन्सर यांच्या मध्ये लावायची. इंजिन चालू ठेवून तिन्ही वायरी मोजता येतात आणि गाडीच्या वायरीला हात लावावा लागत नाही.

"अण्णा, सरळ वायरीत सुई खुपसली तर काय बिघडतंय?" पोराने विचारलं. त्याला खोक्यातला एक तुकडा काढून दाखवला. वरून वायर नवी कोरी, एका जागी टाचणीएवढं भोक. तिथे सोलली तर आतलं तांबं हिरवं पडून भुगा झालेलं, बोटाने चोळलं की पावडर. सर्व्हिसिंगच्या पाण्याने त्या भोकातून आत जाऊन केलेलं काम. भोक पाडणारा कधीच निघून गेला, पुढे कित्येक महिने गाडी मधूनच बंद पडत राहिली.

७ डिसेंबर

जोडवायरीचं पहिलं गिऱ्हाईक. यार्डातली गाडी, रात्री गोण्यांच्या थप्पीशेजारी उभी असते. पी०१९३, गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ईसीएमने ताकद कापलेली, वीस-पंचवीसच्या वर जात नाही.

चावी ऑन, इंजिन बंद. सप्लाय ५.०२. सिग्नल ४.९, म्हणजे जवळपास सप्लायएवढाच. इथे "सेन्सर शॉर्ट झाला" म्हणायचा मोह होतो. पण तिसरी वायर राहिली होती. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल वायर सेन्सरच्या ग्राउंडच्या फाट्यावर. तिथे शून्याच्या आसपास, फार तर एखाद-दोन शतांश व्होल्ट दिसायला हवेत. दिसले ४.९. ग्राउंड वरच तुटलेलं, म्हणून सप्लाय सेन्सरमधून फिरून सगळीकडे पसरलेला. ग्राउंडच्या फाट्यावरून बॅटरी निगेटिव्हला तात्पुरती वायर टाकली, सिग्नल तिथल्या तिथे ०.५० वर उतरला. सेन्सर निर्दोष.

वायरिंग उघडत गेलो. इंजिनच्या मागच्या बाजूला, बल्कहेडजवळ (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), टेप कुरतडलेली आणि आत एक वायर पूर्ण तुटलेली, दुसरीचं इन्सुलेशन अर्धं खाल्लेलं. उंदीर. यार्डात रात्र काढणाऱ्या गाडीला हा रोग ठरलेलाच. तुकडा जोडून सोल्डर, वर हीट श्रिंक, मग पन्हाळीदार पाइपचं कवच.

एक गोष्ट पोराकडून घोकून घेतली. तात्पुरती वायर बॅटरीला टाकणं ठीक, पण दुरुस्ती म्हणून सेन्सरचं ग्राउंड बॉडीला मारून मोकळं व्हायचं नाही. सेन्सरचं ग्राउंड ईसीएममध्येच परत जायला हवं. बॉडीतून सेल्फचा आणि अल्टरनेटरचा करंट वाहत असतो. त्या धक्क्यांनी सिग्नल हलतो आणि मग नवीनच भूत मागे लागतं.

८ डिसेंबर

कालचीच गाडी हातात होती म्हणून कपलर काढून-लावून एक परीक्षा करून पाहिली, पुढे कामाला येईल. सेन्सरचा कपलर काढला: सिग्नलच्या वायरीवर ईसीएमकडून ५ व्होल्ट, स्कॅनरवर पी०१९३. मग कपलरमध्ये सिग्नल आणि ग्राउंड एकमेकांना जोडले: पी०१९२. कोड असा इकडून तिकडे उडी मारत असेल तर सिग्नल-ग्राउंडच्या वायरी आणि ईसीएम जागेवर आहेत; सप्लायही ५ व्होल्ट असेल तर संशय सेन्सरवर. उडी मारत नसेल तर सेन्सर विकत घेऊन उपयोग नाही. काही गाड्यांत ईसीएम उघडा सिग्नल खाली ओढतं, तिथे पहिला कोड उलटा येतो. तिथे उडी बघायला सिग्नल ग्राउंडऐवजी ५ व्होल्टच्या सप्लायला जोडावा लागतो.

११ डिसेंबर

पी००८७च्या दोन गाड्या लागोपाठ. दोन्ही तुळजापूरच्या घाटात दम सोडणाऱ्या. "मिस्त्री, सपाटीला काई नाई बघा. घाट लागला की मेल्यागत करायलीय," एक ड्रायव्हरमामा.

दोन्हींचा सेन्सर चावी ऑनला ०.५०-०.५१. आयडलला ईसीएमची मागणी ३०० बार, सेन्सरने सांगितलेलं हजर प्रेशर ३०२. इथपर्यंत सगळं चोख. मग एकीला माल भरलेलाच होता, तिला बाहेर काढलं. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून ठेवला तर मागणी १३५०, हजर १०८०, आणि मीटरिंग युनिटला (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह) ईसीएम "जेवढं देता येईल तेवढं दे" म्हणत होतं. सेन्सर खरं बोलतोय, पंपाला डिझेल मिळत नाही किंवा मिळालेलं कुठेतरी गळतंय.

पहिलीच्या फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक पाइप घातला. आयडलला स्वच्छ. रेस केली की बारीक बुडबुड्यांची माळ. फिल्टर नुकताच बदललेला. वरच्या जोडाचं रबरी वायसर पिळून बसलेलं, तिथून एअर खेचत होती. डिझेल बाहेर गळत नाही, कारण ती बाजू ओढीची आहे. म्हणून वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. वायसर बदललं, एअर काढली, काम खलास.

दुसरीत बुडबुडे नाहीत. नोझलच्या रिटर्नवर सलाइनच्या नळ्या लावून चार बाटल्या टांगल्या. (सलाइनच्या नळ्या या कामाला फार चांगल्या, मेडिकलवाला मात्र दर वेळी संशयाने बघतो.) एक मिनिट आयडल. पहिली १८ मिली, दुसरी २०, तिसरी ७१, चौथी १९. तिसऱ्या नोझलमधून डिझेल सरळ रिटर्नला पळतंय. आयडलला पंप ती तूट भरून काढतो, घाटात पुरा पडत नाही. नोझल पंप रूमला (नोझल-पंप दुरुस्त करणारं दुकान) पाठवलं.

दोन्ही मालकांना बाहेर कुणीतरी सेन्सर सांगितला होता.

१६ डिसेंबर

हे गाडीबद्दल नाही, पण लिहायला हवं.

एका जुन्या, हाताने पक्क्या मिस्त्रीने आज आमच्याच दारात उभ्या पिकअपचा हाय प्रेशर पाइपचा नट इंजिन चालू असताना सैल करायला पाना काढला. मिसिंग (ठोका चुकणं) कुठल्या सिलिंडरला आहे ते बघायचं होतं. जुन्या पंपाच्या गाड्यांवर आयुष्यभर असंच केलेलं. पण तिथे नोझल दोनशे बारच्या आसपास उघडायचं, आणि तेही ठोक्याठोक्याने. इथे रेलमध्ये आयडललाच तीनशे बार सतत उभे असतात, रेस केली की हजाराच्या पुढे. केसाएवढ्या फटीतून निघालेली धार कातड्यातून आत शिरते. बाहेरून टोचल्यासारखं दिसतं, आत डिझेल पसरलेलं असतं, आणि ताबडतोब दवाखाना गाठला नाही तर बोट जातं. हात पुढे घालून पाना काढून घेतला. ते रागावले. रागावू देत.

पोरासाठी नियम: चालू इंजिनवर रेलच्या कुठल्याही नटाला हात नाही. गळती शोधायला बोट फिरवायचं नाही, पुठ्ठा फिरवायचा. बंद केल्यावरही स्कॅनरवर प्रेशर उतरलेलं बघून मगच पाना, आणि स्कॅनरवर भरवसा नसेल तर आणखी थांबायचं. कारण ज्या सेन्सरवर संशय आहे त्याचाच आकडा स्कॅनर दाखवतोय.

२२ डिसेंबर

या हंगामातली आतापर्यंतची सगळ्यात चांगली केस.

सांगोल्याकडची डाळिंबाची गाडी. कोड एकही नाही. सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो, खालच्या रेसला जड, काळा धूर. फिल्टर बदललाय, टर्बोचे होज बघून झालेत, नोझल पंप रूममध्ये तपासून "ओके" म्हणून परत आलेत. काल दुपारी स्कॅनर लावला: मागणी ३००, हजर ३००. रेसला मागणी ७५०, हजर ७४८.

"आकडे तर जुळायलेत की," पोरगा म्हणाला.

जुळणारच. ईसीएम पंपाला कमी-जास्त करतंय ते हा आकडा जुळेपर्यंत. सेन्सरने खोटा आकडा सांगितला तरी ईसीएम तो खोटा आकडाच जुळवून दाखवणार. म्हणून मागणी आणि हजर जुळले याचा अर्थ एवढाच की पंप आणि मीटरिंग युनिट ऐकतायत. सेन्सर खरा की खोटा, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

मग खरं प्रेशर कळणार कसं? १८०० बारचा गेज आमच्याकडे नाही, सोलापुरातल्या बहुतेक गॅरेजांत नसतो. पण एक प्रेशर असं आहे की जे गेज न लावताही आपल्याला नक्की माहीत असतं. ते म्हणजे शून्य. रात्रभर बंद असलेल्या गाडीच्या रेलमध्ये काही उरत नाही, नोझलच्या फटींतून सगळं उतरून गेलेलं असतं. मालकाला माल लावायला यार्डात मुक्कामच होता. म्हटलं, गाडी इथेच राहू द्या, सकाळी मी यायच्या आधी चावीला हात लावू नका.

आज सकाळी गार इंजिन, सेल्फ न मारता नुसती चावी ऑन. स्कॅनरवर ८१ बार. जोडवायर लावली: सिग्नल ०.६८. सप्लाय ५.०१. ग्राउंड ०.०२, म्हणजे ग्राउंड चढल्यामुळे आकडा फुगला असंही नाही. (ग्राउंडमध्ये रेझिस्टन्स असेल तर अगदी असाच फुगतो, आणि तेव्हा सेन्सर बदलून फरक पडत नाही. म्हणून ही मोजणी सोडायची नाही.) सेन्सरचं शून्यच सरकलेलं.

मालकाला सांगत होतो तर त्यांनीच मध्ये तोडलं, "म्हणजे काटा रिकामा असतानाच दोन किलो दाखवतोय." यार्डात रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला आणखी काय समजावणार!

म्हणजे आयडलला ईसीएम ३०० समजून २२० वरच थांबत होतं. पूर्ण लोडला १५०० च्या जागी १४२० झाले तर कुणाला जाणवणार नाही. पण ३०० मधले ८० म्हणजे पाव हिस्सा गेला. म्हणून त्रास खालच्या रेसला आणि सेल्फ मारताना: डिझेल नीट फवारलं जात नाही, म्हणून काळा धूर. काही गाड्यांत ईसीएम चावी ऑनला हे शून्य स्वतः तपासतं आणि पी०१९१ टाकतं. हिच्यात टाकलेला नव्हता.

नवा सेन्सर: ०.५०, स्कॅनरवर ०. बसवताना बसकण पुसून स्वच्छ, कारण तिथे रबर नाही, धातूवर धातू बसून सील होतं. एक कण अडकला तरी पाझरतो. टॉर्क मॅन्युअलमध्ये बघून टॉर्क पान्यानेच. काही कंपन्या सेन्सर सुटा देतच नाहीत, रेलसकट घ्या म्हणतात. इथे सुटा मिळाला. गाडी अर्ध्या सेल्फला उठली, धूर गेला.

भिंतीवर पहिल्या ओळीखाली लाल मार्करने रेघ मारली. यापुढे रेल प्रेशरची कुठलीही तक्रार असो, गाडी रात्रभर ठेवून घ्यायची आणि पहिली मोजणी शून्याची.

३ जानेवारी

गाडी ओढून आणलेली. कोडची माळच: पी०१९२, बूस्ट सेन्सर (टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा) लो, ॲक्सिलरेटर पेडलचे दोन, आणि तळाला पी०६४१. एवढे सेन्सर एका दिवसात मरत नाहीत. पी०६४१ बघितल्यावर बाकीचे वाचायची गरजच नव्हती. तो ५ व्होल्टच्या सप्लायचा कोड. एकच सप्लाय ईसीएममधून निघून तीन-चार सेन्सरना वाटला जातो; एकाने तो ग्राउंडला ओढला की सगळेच आडवे.

जोडवायरीवर सप्लाय १.३ व्होल्ट. मीटर तसाच लावून ठेवला आणि पोराला त्या लाइनवरचे कपलर एकेक काढायला लावले. बूस्ट सेन्सरचा कपलर निघाला तसा मीटर ५.० वर उडाला. कपलरमध्ये पाणी. आदल्या दिवशी प्रेशर वॉश केलेली गाडी. पुसून, वाळवून, सेन्सर बदलून काम झालं.

येता-जाता लिहून ठेवतो: या सेन्सरांचा मीटरने रेझिस्टन्स मोजून "ओके" किंवा "गेला" ठरवायचं नसतं. आत सर्किट आहे, ओहमचा आकडा काहीही येतो. हे सेन्सर जोडलेल्या अवस्थेत व्होल्टवरच मोजायचे.

१२ जानेवारी

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, गर्दी. होम मैदानाकडचे रस्ते बंद, स्पेअर आणायला गेलेला पोरगा दोन तास गायब. आला तेव्हा हातात स्पेअरबरोबर भेंडबत्ताशांची पुडीही होती. एक गाडी आली. पी००८७, टाकीतली जाळी गाळाने बुजलेली. सेन्सर ०.५०. पुढे.

१९ जानेवारी

शून्याच्या परीक्षेला भोक आहे. आज सापडलं.

टॉवेलच्या गाठी नेणारी गाडी, अक्कलकोट रोड एमआयडीसीतली. तक्रार दमाची नाही, आवाजाची. इंजिन खडखडतंय, विशेषतः रेस सोडून पुन्हा धरताना. कोड नाही. रात्री ठेवून घेतली. सकाळी चावी ऑन: सिग्नल ०.५०, सप्लाय ५.००, ग्राउंड ०.०१. स्कॅनरवर ०. आयडलला ३०० आणि ३००. आमच्या सगळ्या परीक्षांमध्ये पहिल्या नंबराने पास.

सेन्सरच्या अंगावर कोरलेला नंबर आरशाने बघितला. शेवटचे आकडे वेगळे वाटले. मालकाला विचारलं तर मागच्या महिन्यात बाहेरगावी वाटेत सेन्सर बदललाय, पी००८७ आला होता म्हणून. नंबर कॅटलॉगला टाकला: सेन्सर २००० बारचा. गाडी १८०० ची. दिसायला तसाच, आटे तेच, कपलर तोच.

शून्याला दोघंही ०.५० च दाखवतात, कारण दोघांची सुरुवात तिथूनच. फरक वर चढताना पडतो. १८०० वाल्याचा व्होल्टला ४५० बार, २००० वाल्याचा ५००. ईसीएमला ३०० हवेत म्हणून ते १.१७ व्होल्टपर्यंत पंप चालवतं, आणि हा सेन्सर १.१७ दाखवतो तेव्हा रेलमध्ये खरे ३३३ असतात. १६०० मागितले की १७७८. रोज, प्रत्येक ठोक्याला, इंजिन ठरलेल्यापेक्षा नऊ भाग द्यायचे तिथे दहा भाग दाब घेत होतं. खडखड त्याचीच.

सुदैवाने जुना सेन्सर ड्रायव्हरने टाकला नव्हता, सीटखालच्या पेटीत पान्यांबरोबर पडून होता. पुसून लावला. शून्याला ०.५०. आयडलला १.१७. पोरगा म्हणाला, काहीच बदललं नाही. मीटरवर बदलणार नाहीच, कारण ईसीएम दोन्ही वेळा त्याच व्होल्टवर येऊन थांबतं. बदल कानाला कळला, आवाज लगेच बसला. आणि स्कॅनरवर एका जागी कळला: आयडलला मीटरिंग युनिटचा आकडा. तेवढ्याच १.१७ व्होल्टसाठी पंपाकडून आता आधीपेक्षा कमी डिझेल घेतलं जात होतं. पंपाचा आकडा कुणी बघत नाही, पण सेन्सर खोटं बोलतोय असा संशय आला की साक्षीदार तोच. यापुढे प्रत्येक चांगल्या गाडीचा आयडलचा हा आकडा इंजिन गरम असताना टिपून ठेवायचा, म्हणजे ताडून बघायला काहीतरी राहील.

आणि मुळातला पी००८७? या गाडीचा फिल्टर त्याच दिवशी सेन्सरबरोबर बदलला होता. गुण फिल्टरने दिला, श्रेय सेन्सरने घेतलं.

भिंतीवर चौथी ओळ: नंबर वाच.

२८ जानेवारी

पी०१९४ असलेली गाडी गेला आठवडाभर येऊन-जाऊन होती. सोलापूर-अक्कलकोट मालाची ने-आण. खड्ड्यांतून जाताना लाइट लागते, झटका बसतो, पुढे नीट. आमच्या दारात उभी असताना गुणी बाळासारखी. शून्य बरोबर, नंबर बरोबर, वायरिंग हलवून-ओढून बघितलं तरी मीटर जागचा हलत नाही.

पोराला स्कॅनर घेऊन शेजारी बसवलं आणि रेकॉर्डिंग चालू ठेवून अक्कलकोट रोडला पाठवलं. परत आल्यावर आलेख बघितला. प्रेशर १२०० वर सरळ चाललंय, मध्येच आकडा एकदम कोसळून लगेच पुन्हा १२००. पुढे आणखी तसंच. डिझेलचं खरं प्रेशर असं पडत नाही. पंपाने साथ सोडली तर उतरताना उतार दिसतो, चढताना चढ दिसतो, आणि बाराशेवर परत यायला पंपाला वेळ लागतो. असा उभा दात फक्त विजेचाच. पंप, फिल्टर, नोझल सगळे एका आलेखात सुटले.

राहिला कपलर. कपलरच्या तिन्ही भोकांत भंगार सेन्सरची एक सुटी पिन घालून ओढून बघितली. सप्लायची पिन घट्ट धरते, ग्राउंडची धरते, सिग्नलची पिन तर कपलर उलटा केला तर आपल्या वजनाने खाली पडली. आतली पाती कुणीतरी मीटरची जाड टोकं खुपसून फाकवलेली. दारात हात लावून हलवताना पाती टेकलेली राहायची, खड्ड्यात सुटायची.

पाती काढून नवी क्रिंप केली, पिन घालून ओढ बघितली, कपलरची मागची रबरी सीलही बदलली. आज गाडी भरल्या मालाने अक्कलकोटला जाऊन आली, रेकॉर्डिंगमध्ये एकही दात नाही. या मापाच्या पाती सोलापुरात मिळाल्या नाहीत, दुसऱ्या भंगार वायरिंगमधून एक काढून वापरली. पाकीटभर पुण्याहून मागवल्या आहेत. तोवर कपलरमध्ये कुणी मीटरची टोकं घालणार नाही. जोडवायर खिळ्याला टांगलेली आहे, ती घ्यायची.